फायली चार, शरीर एक : उतारवयातील आजारांची गुंतागुंत

नागपुरात सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या कपाटात साधारणपणे तीन-चार फायली सापडतात. रक्तदाब आणि साखरेची फाईल धंतोलीतल्या डॉक्टरांची, गुडघ्यांची रामदासपेठेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांची, डोळ्यांची तिसरीकडची आणि प्रोस्टेटची किंवा थायरॉईडची आणखी कुठली. प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी योग्य उपचार करत असतो, परंतु चारही फायलींतली औषधे शेवटी एकाच पोटात जातात आणि बहुतांशी त्याच दोन मूत्रपिंडांतून बाहेर पडतात. उतारवयातील दुखणी एकेकटी येत नाहीत. एक दुसऱ्याला ओढून आणते. त्यामुळे प्रत्येक आजाराची स्वतंत्र माहिती पाठ करण्यापेक्षा हे धागे कुठे एकमेकांत अडकतात हे समजून घेणे घरच्यांना अधिक उपयोगी पडते. नागपूरच्या उन्हाळ्यात ही गुंतागुंत सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तरुण प्रौढाच्या शरीराच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असते. उतारवयात हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे मुळातला साठाच लहान होतो. त्यातच मेंदूतील तहानेची जाणीव बोथट होते, मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची क्षमता घटते आणि त्वचेतील घर्मग्रंथी पूर्वीइतक्या तत्परतेने काम करत नाहीत. 'तहान लागली की पितो' हे तरुणपणी पुरेसे असणारे सूत्र सत्तरीनंतर धोक्याचे ठरते, कारण तहान लागेपर्यंत पाणी बरेच कमी झालेले असते. एप्रिल-मे महिन्यांत, विशेषतः नवतप्याच्या (मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या) दिवसांत, नागपूरची हवा इतकी कोरडी असते की घाम त्वचेवर दिसण्यापूर्वीच उडून जातो. मुंबईच्या माणसाला आपला सदरा भिजलेला दिसतो. नागपूरच्या माणसाला काहीच दिसत नाही, आणि 'मला घाम येतच नाही' असे आजोबा खात्रीने सांगतात तेव्हाही शरीरातून पाणी जातच असते.

आता एक काल्पनिक, परंतु अगदी नेहमीचे वाटावे असे उदाहरण घेऊ. बहात्तर वर्षांच्या एका आजींना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड यांची एकत्रित गोळी सुरू आहे. अशा गोळ्यांच्या नावाच्या शेवटी अनेकदा 'एच' हे अक्षर असते आणि ते लघवीवाटे पाणी व मीठ बाहेर टाकणाऱ्या औषधाची खूण असते. गुडघे दुखतात म्हणून आजी औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी परस्पर आणून घेतात. मे महिन्यात जेवण कमी झाले आहे आणि रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळी पाचनंतर त्या पाणी जवळजवळ पीतच नाहीत. पहाटे चार वाजता त्या पलंगावरून झटकन उठतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बाथरूमच्या उंबरठ्याशी त्या पडतात. रुग्णालयाच्या कागदावर 'पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले' एवढेच लिहिले जाते. प्रत्यक्षात पाय घसरण्याच्या आधी रक्तदाब घसरलेला होता, आणि त्याला ऊन, गोळी, कमी पाणी व घाईने उठणे या चारही गोष्टींचा हातभार लागला होता. डायक्लोफेनॅकची भूमिका इथे वेगळी आहे. वेदनाशामक गोळ्यांचा हा गट, टेल्मिसार्टनसारखी औषधे आणि लघवी वाढवणारी औषधे ही तिन्ही एकत्र आली आणि त्यात शरीरातले पाणी कमी असले, तर मूत्रपिंडाला होणारा रक्तपुरवठा इतका घटू शकतो की काही दिवसांतच क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याचे दाखवणारा रक्तातला घटक) वाढते. गुडघेदुखीवर पॅरासिटामॉल ठरवून दिलेल्या मात्रेत घेणे, दुखऱ्या जागी मलम लावणे आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करणे हे उपाय आधी करून पाहावेत असे डॉक्टर सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

उभे राहिल्यावर रक्तदाब उतरतो का, हे घरच्या यंत्रावर तपासता येते आणि ही तपासणी फारच थोड्या घरांत केली जाते. व्यक्तीला पाच मिनिटे शांत झोपवून दंडावर पट्टा बांधावा आणि मोजमाप घ्यावे. मग तिला उभे करावे, जवळ आधाराला कोणीतरी थांबावे, आणि एका मिनिटाने व पुन्हा तीन मिनिटांनी मोजावे. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून अधिक उतरला, तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगे आहे, मग बसल्या स्थितीतला रक्तदाब कितीही छान का असेना. दवाखान्यात रक्तदाब बहुधा खुर्चीत बसवूनच मोजला जातो, त्यामुळे ही घट तिथे नजरेतून सुटते. अशा व्यक्तीने पहाटे उठताना आधी कुशीवर वळावे, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून एखादे मिनिट बसावे, घोटे वरखाली हलवावेत आणि त्यानंतरच उभे राहावे.

उन्हाळ्यात रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असल्यामुळे अनेकांचा रक्तदाब आपोआप थोडा उतरतो. डिसेंबरच्या थंडीत ठरवलेली मात्रा मे महिन्यात जास्त होऊ शकते. म्हणून होळीच्या सुमारास, उन्हाचा तडाखा वाढण्यापूर्वी, एकदा डॉक्टरांना भेटून 'उन्हाळ्यासाठी यातली कोणती गोळी कमी करायची का, आणि उलट्या-जुलाब झाले तर कोणती तात्पुरती थांबवायची' हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करणे मात्र चुकीचे आहे. विशेषतः बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी करणाऱ्या) गटातील औषध अचानक सोडल्यास हृदयाला धोका होऊ शकतो.

पाणी किती प्यावे याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. ज्यांचे हृदय आणि मूत्रपिंड ठीक आहे, त्यांनी तहानेची वाट न पाहता दर तास-दीड तासाने अर्धा-पाऊण पेला घ्यावा आणि दिवसभरातील बहुतेक पाणी सकाळपासून दुपारी चार-पाचपर्यंत पोटात जाईल असे पाहावे. त्याने रात्रीच्या फेऱ्याही कमी होतात. हृदयाची कार्यक्षमता घटलेल्यांना किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते, त्यांनी 'उन्हाळा आहे, भरपूर प्या' हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला ऐकू नये. त्यांनी रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि काही खाण्यापूर्वी, वजन करून लिहावे. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वजन वाढले तर शरीरात पाणी साठते आहे असे समजून फोन करावा. पातळ ताक आणि ज्वारीची आंबील हे आपल्याकडचे पदार्थ उत्तम आहेत, फक्त त्यांत मीठ बेताचे असावे. पन्हे चांगले, परंतु त्यातला गूळ मधुमेहींच्या हिशेबात धरलाच पाहिजे. जलसंजीवनी घरी करायची झाल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ एवढेच प्रमाण असते, आणि चमचा म्हणजे चहाचा चमचा. मिठाविषयी बोलायचे तर आठवड्यातून एखाद्या वेळी खाल्लेल्या तर्रीपोह्यांवरून आजोबांशी वाद घालण्यापेक्षा रोजच्या ताटातले लोणचे, पापड आणि सांडगे मोजलेले बरे.

कूलरविषयीही थोडे सांगायला हवे, कारण नागपूरकरांचा त्याच्यावर फार विश्वास आहे आणि कोरड्या हवेत तो योग्यही आहे. पाण्याचे बाष्प होताना हवा थंड होते, म्हणून मे महिन्यात कूलर उत्तम चालतो. पावसाळ्याच्या तोंडावर हवेत दमटपणा आला की तोच कूलर निरुपयोगी होतो, आणि त्या आठवड्यांत घरातल्या ज्येष्ठांना अधिक त्रास होतो. कूलरसाठी खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे लागते, नाहीतर खोली दमट होते. तापमान ४० अंशांच्या वर असताना नुसता पंखा अंगावर गरम हवाच फेकतो. अशा वेळी मान, हात आणि पाय ओल्या फडक्याने पुसून मग वारा घेतला तर खरा गारवा मिळतो. टाकीतले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासून कोरडी करावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. शिवाय कूलरखाली झिरपलेले पाणी फरशीवर पसरते आणि तिथून चालत जाणाऱ्या माणसाच्या पायात रबराची झिजलेली सपात असते.

औषधांची पिशवी हा या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. एखाद्या रविवारी घरातील सगळ्या पट्ट्या, बाटल्या, चूर्णे आणि काढे जमिनीवर मांडावेत आणि प्रत्येक पट्टीवर मोठ्या अक्षरांतल्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचावे. दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच औषध निघणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. एका डॉक्टरांनी दिलेली आम्लपित्तावरची पँटोप्राझोलची गोळी आणि दुसऱ्यांच्या गोळीत मिसळलेले तेच पँटोप्राझोल हे त्यातल्या त्यात निरुपद्रवी. रक्त पातळ करणारे किंवा साखर उतरवणारे औषध असे दुहेरी होते तेव्हा प्रकरण गंभीर असते. सर्दीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बहुधा क्लोरफेनिरामाइन असते. त्याने तरुणांना फक्त झोप येते. प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धाची मात्र त्याने लघवी तुंबू शकते, बद्धकोष्ठ वाढते आणि कधीकधी भ्रमही होतो. वर्षानुवर्षे चालू असलेल्या झोपेच्या गोळ्यांमुळे पडण्याचा धोका वाढतो. त्या एकदम बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी कराव्या लागतात. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' म्हणून घेतलेले चूर्णही डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेहात आपण सारे वाढलेल्या साखरेला घाबरतो. उतारवयात उतरलेली साखर अधिक लवकर घात करते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन घेऊन मग जेवायला उशीर केला, एकादशीचा उपास धरला किंवा उन्हाने भूक मेली, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर आणि धडधड ही तिची नेहमीची लक्षणे वयानुसार फिकी पडतात आणि बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत तर थरथर आणि धडधड जाणवतही नाही. नुसते असंबद्ध बोलणे, चिडचिड किंवा गुंगी एवढेच दिसते. शुद्ध असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी आणि अजूनही कमी असल्यास तेच पुन्हा करावे, मग काहीतरी खायला द्यावे. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये. याच कारणाने तज्ज्ञ मंडळी धडधाकट वृद्धासाठी एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी) साधारण ७ ते ७.५ टक्के आणि अनेक आजारांनी थकलेल्या व्यक्तीसाठी ८ टक्क्यांपर्यंतचे उद्दिष्ट मान्य करतात. सुनेच्या किंवा शेजाऱ्याच्या अहवालातल्या ६ च्या आकड्याशी आजोबांची तुलना करण्यात अर्थ नाही.

पडणे टाळायचे तर पायांत ताकद हवी, आणि इथे एक गैरसमज आहे. अंबाझरी किंवा तेलंगखेडीच्या बगिच्यात रोज सकाळी चालणाऱ्यांना आपला व्यायाम पूर्ण झाला असे वाटते. चालणे हृदयासाठी आणि साखरेसाठी उत्तमच आहे, परंतु त्याने स्नायूंची ताकद आणि तोल पुरेसा सुधारत नाही. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीसोबत तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करायला सांगते. आपण कुठे आहोत हे पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीत बसावे, दोन्ही हात छातीवर दुमडून घ्यावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका सरासरीपेक्षा जास्त समजतात. आनंदाची बाब अशी की जी चाचणी तोच तिचा व्यायाम: दिवसातून दोन वेळा आठ-दहा उठबशा, सुरुवातीला हातांचा आधार घेऊन आणि पुढे आधाराशिवाय. ओट्याला हात टेकवून टाचा उचलणे आणि एका पायासमोर दुसरा पाय ठेवून उभे राहणे या दोन व्यायामांनी तोल सुधारतो. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उठणे ज्यांना अजून जमते, त्यांनी गुडघे कुरकुरत नाहीत तोवर ते सोडू नये.

स्नायूंना खाणेही लागते. दात नाहीत म्हणून नुसता दूधभात किंवा चहा-टोस्ट यावर दिवस काढणारी आजी उपाशी नसते, पण तिचे स्नायू झिजत जातात. वृद्धांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत असा तज्ज्ञांचा सल्ला आहे (मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे). साठ किलोच्या व्यक्तीला म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. सकाळी अंडे किंवा मुगाचे धिरडे, दुपारी घट्ट वरण आणि दही, रात्री मऊ झुणका असे तीनही जेवणांत वाटून घेतले तर ते अंगी लागते. दात नीट बसवून घेणे हा खर्च चैनीचा नाही. ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरत्याच घ्याव्यात. त्या महिनोन्‌महिने दर आठवड्याला घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून भूक मंदावते, बद्धकोष्ठ होते आणि मूत्रपिंडाला इजा होते. साध्या पडण्याने मनगट, मणका किंवा खुबा मोडला असेल तर ती हाडे ठिसूळ झाल्याची खूण आहे. खुब्याच्या मोडलेल्या हाडावर शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी आणि ती झाल्यावर ठिसूळपणाचे औषध स्वतंत्रपणे सुरू व्हावे. हा दुसरा भाग बऱ्याचदा राहून जातो.

काल संध्याकाळपर्यंत नीट बोलणारी व्यक्ती आज सकाळी घरच्यांना ओळखत नसेल, भलतेच बोलत असेल किंवा दिवसभर गुंगीत असेल, तर 'वय झाले' किंवा 'म्हातारचळ लागला' म्हणून सोडून देऊ नये. विस्मरणाचा आजार महिन्या-वर्षांनी वाढतो. एका-दोन दिवसांत आलेला भ्रम बहुधा दुसऱ्या कशाचे तरी लक्षण असतो. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम घटणे, साखर उतरणे, तुंबलेली लघवी, नवे औषध ही त्याची नेहमीची कारणे आहेत आणि त्यांतली बरीच बरी होणारी आहेत. वृद्धांना न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असे नाही, हृदयविकाराचा झटका आला तरी छातीत दुखेलच असे नाही. नुसता दम, घाम, थकवा किंवा भ्रम एवढ्यावरच तो येतो. उन्हाळ्यात सोडियम घटण्याचे एक नेमके कारण आपल्याकडे दिसते: लघवी वाढवणारी गोळी सुरू, मीठ जवळजवळ बंद आणि वरून भरपूर साधे पाणी.

डोळे आणि कान यांविषयी थोडक्यात एवढेच की मोतीबिंदू पूर्ण पिकण्याची वाट पाहण्याची पद्धत आता जुनी झाली आहे, आणि ऐकू कमी येणे हे विस्मरणाच्या आजाराच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानले जाते. श्रवणयंत्राला लाजणाऱ्या वडिलांना चष्म्याची लाज वाटत नाही, हे त्यांच्या लक्षात आणून द्यावे. लसींपैकी इन्फ्लुएंझाची दरवर्षी, आणि न्यूमोकोकल व नागिणीची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

घाईने रुग्णालय गाठण्याच्या वेळा मोजक्याच आहेत. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक झाले तर अर्धांगाचा झटका समजून वेळ नोंदवावी, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते आणि त्याआधी स्कॅन व्हावे लागते. म्हणून ज्या रुग्णालयात स्कॅनची सोय आहे तिथेच सरळ जावे. उन्हाळ्यात अंग तापून शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले आणि माणूस बडबडू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करून ती येईपर्यंत सावलीत नेणे, कपडे सैल करणे, अंगावर सतत पाणी टाकून वारा घालणे आणि काखेत व जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवणे हे करत राहावे. कांद्याचा रस चोळत बसण्यात मोलाची मिनिटे जातात. निघताना फायलींचा गठ्ठा न घेता सर्व औषधांची मूळ नावे, मात्रा आणि वेळा लिहिलेला एक कागद बरोबर घ्यावा. तो फोनमध्ये छायाचित्र काढून मुलगा-सून, जावई-लेक सर्वांकडे असावा.

खर्चाच्या बाबतीत, ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान वयवंदना कार्ड मिळू शकते. आधार कार्डावरील वयाच्या आधारे ते काढता येते आणि त्यावर योजनेतील रुग्णालयांत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही सोय दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या आणि बाह्यरुग्ण तपासण्या त्यात धरलेल्या नाहीत. रोजच्या गोळ्यांसाठी सरकारी योजनेतले जनऔषधी केंद्र पाहावे. तिथे औषध मूळ नावाने आणि बरेच स्वस्त मिळते, आणि पट्टीवर ते नाव ठळक छापलेले असल्यामुळे एकच गोळी दोनदा घेतली जात असेल तर ती घरीच पकडता येते.